डोंगराची बोली

(न्यू मेक्सिको, १९०३. सान लिबोरियो गावच्या डोंगराचा लिलाव. कोर्टाच्या पायऱ्यांवर तोमासा आणि तिचा धाकटा भाऊ एपिमेनियो.)

तोमासा : आणि तू सही केलीस.

एपिमेनियो : सही कुठली, ताई? फुली मारली.

तोमासा : फुलीनंच डोंगर गेला.

एपिमेनियो : फेल्टन वकिलानं विचारलं, 'डोंगरातला तुझा हक्क विकतोस का?' मला वाटलं, चराईचा. माझी मेंढरं त्या हिवाळ्यात मेलीच होती. म्हटलं, चारू दे बिचाऱ्याला चार मेंढ्या.

तोमासा : आणल्या त्यानं मेंढ्या?

एपिमेनियो : कोर्टाचा कागद आणला. म्हणे, मी आता हिस्सेदार, माझी वाटणी द्या.

तोमासा : स्पेनच्या राजानं अख्ख्या गावाला दिलेला डोंगर. चारा सगळ्यांचा, लाकूड सगळ्यांचं. त्याची वाटणी होतेच कशी?

एपिमेनियो : न्यायाधीशही तेच म्हणाले. एकशे बारा घरांत वाटता येत नाही, म्हणून सगळाच विका आणि पैसे वाटा.

तोमासा : म्हणजे आपलं म्हणणं पटलं, आणि त्याचीच शिक्षा आपल्याला!

कारकून : शांत राहा. फेल्टन साहेबांची बोली, चार हजार आठशे डॉलर. आणखी कुणाला बोलायचंय?

तोमासा : मला.

कारकून : किती?

तोमासा : किती नाही. काय, ते विचारा.

कारकून : बाई, इथं फक्त आकडा बोलायचा असतो. हरकत होती तर आधी यायचं. चार आठवडे नोटीस छापत होतो पेपरात.

तोमासा : कुठल्या भाषेत?

कारकून : इंग्रजीत.

तोमासा : आमच्या गावात इंग्रजी फक्त फेल्टनच्या घोड्याला कळतं. तो काही बोलला नाही.

एपिमेनियो : ताई, लोक हसतायत.

तोमासा : हसू देत. माझ्या साठ मेंढ्या वर आहेत, गाभण. त्या नाही हसायच्या.

कारकून : आकडा आहे का, बाई?

तोमासा : नाही.

कारकून : चार हजार आठशे एकवार. दोनवार. तीनवार. डोंगर फेल्टन साहेबांचा.

एपिमेनियो : झालं?

तोमासा : झालं. चल, ऊठ. मेंढ्यांना मीठ न्यायचंय वर.

एपिमेनियो : वर? ताई, आता विचारून जावं लागेल.

तोमासा : मग तूच विचार. ओळख तुझी आहे.