समजावू नका, भांडा

वहिनी : हळू बोला हो! आजारी माणसाशी असं बोलतात का?

टेलरबाई : हळूच बोलत होते, वहिनी. आता ओरडते. ए वायरमन, कडी काढ! माणूस आहेस की भिंतीत ठोकलेला खिळा?

(टेलरबाई बंद दारावर थापा मारते.)

वहिनी : दारात पाय ठेवल्यापासून नुसत्या शिव्या. त्यांच्या त्या गुरुवारच्या गटातल्याच ना तुम्ही? तिथे हेच शिकवतात?

टेलरबाई : तिथे कुणी शिकवत नाही. आमच्यासारखी मन खचलेली माणसं गोल करून बसतात आणि आपण कशानं उठतो ते एकमेकांना सांगतात. तुमच्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर सांगितलंय, मला समजावू नका. समजावलं की मी आणखी पांघरूण ओढतो. माझ्याशी भांडा.

वहिनी : मला नाही कधी सांगितलं.

टेलरबाई : तुम्हाला कशाला सांगेल? तुम्ही उशाशी ताट नेऊन ठेवता.

वहिनी : मग उपाशी मारू? उशाशी रात्र रात्र मी बसते. तुम्ही आठवड्यातून एकदा भेटणार आणि मला अक्कल शिकवणार! निघा आधी माझ्या घरातून.

वायरमन : टेलरबाई, तिला काही बोलू नकोस.

टेलरबाई : आला आवाज! म्हणजे जिवंत आहेस. शाळेच्या व्हरांड्यात तारा लोंबत्या ठेवून घरी येऊन झोपलास, लाज वाटते का?

वायरमन : नाही.

टेलरबाई : मुख्याध्यापक तुला कामचुकार म्हणतात.

वायरमन : बरोबर म्हणतात.

टेलरबाई : तुझी हत्यारांची पेटी भंगारात घालते बघ.

वायरमन : घाल.

टेलरबाई : अरे, चीड ना!

वायरमन : राग येत नाही. आधी यायचा, म्हणून उठायचो. आता तू काहीही बोल, आत पोचतच नाही. जा घरी. संपला तो उपाय.

टेलरबाई : संपला म्हणे! मी उसना घेतला होता तो तुझ्याकडून, कळतंय का? सकाळी पाय पलंगावरून खाली टाकवत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात तुझ्याशी भांडते मी. तुला शिव्या घालत दात घासते, तुला शिव्या घालत मशीनवर बसते. आणि तू आत लोळत सांगतोस, संपला! मग उद्या मी काय करू? बोल ना!

वहिनी : बाई, बसा जरा.

टेलरबाई : हात लावू नका मला! इतके गुरुवार याची खुर्ची धरून बसते मी. परवा एक नवी पोरगी आली बिचारी, तिला उठवलं तिथून. म्हटलं, आमचा माणूस यायचाय. आमचा माणूस! नालायक मेला!

वायरमन : रडतेयस तू.

टेलरबाई : नाही.

वायरमन : माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस. आणि दाराला टेकली असशील तर बाजूला हो, पडशील.

वहिनी : अहो... उठलात तुम्ही?

वायरमन : थांब गं जरा. टेलरबाई, इकडे बघ. वर बघ. सकाळची गोळी घेतलीस?

टेलरबाई : तू घेतलीस?

वायरमन : मी आधी विचारलं.

टेलरबाई : तू दोन दिवस फोन उचलला नाहीस. म्हटलं, हाच उठत नाही, तर मी तरी कशाला...

वायरमन : घेतलीस का?

टेलरबाई : नाही.

वायरमन : अक्कल गहाण टाकलीस का गं? डॉक्टरला न विचारता बंद करायची नाही, हे मला कोण ओरडून सांगत होतं?

टेलरबाई : ओरडू नकोस माझ्यावर.

वायरमन : ओरडणार!

वहिनी : बाई, घराची किल्ली द्या. तुमच्या गोळ्या मी घेऊन येते. तोवर यांना झोपू देऊ नका.