कोल्ह्यातून नको

अकोल्याच्या नेटकॅफेत दीपमाला नंबराची वाट पाहत होती. तिच्या पुढे पातूरचे किसनराव होते, संगणकावर अर्ज भरून देणारी गजाला.

"काका, ब्राउझर कोणता उघडू? कोल्ह्याचा फायरफॉक्स?"

"कोल्हा नको."

"मंग हे रंगीत चकरी?"

"जत्रेतल्यावानी दिसते. सरकारी काम हाये, बेटा."

"आता निळा ई राहिला."

"निळं आपलं. उघड."

"मी तं रोज कोल्ह्यातूनच भरून राहिली, काका. त्यानं काय वाकडं केलं तुमचं?"

"अर्जात काय लिहा लागते तुले?"

"कोल्ह्यानं टरबुजाची वाडी साफ केली."

"मंग त्याची तक्रार त्याच्याच हाती धाडू?"

गजालानं निळा ई उघडला.

मग दीपमालाचा नंबर आला.

"ताई, तुमी कशातून?"

दीपमालानं हातातल्या कोंबडीपालनाच्या अर्जाकडे पाहिलं.

"निळ्यातूनच भर, बाई."