एका बोटाने जाणारं धुराडं

तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही का? मोरिवलीला आमच्या अंगणात आई तांदूळ पाखडत होती. मी फोटो काढला आणि आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच बदलापूरच्या सावंतसरांनी लिहिलं, "आई मस्त आल्यात. पण मागचं कंपनीचं धुराडं खटकतंय. ते काढून टाक." बाकीच्यांनीही धडाधड अंगठे टाकले.

मी म्हटलं, "सर, आमचं आख्खं बालपण त्या धुरात गेलंय. काढू कसं?"

"अरे, मोबाईलवर एका बोटाने जातं!"

मी तणतणत आईला सगळं वाचून दाखवलं. तिने सूप खाली ठेवलं.

"त्याला घरी बोलव. तुझा बापूस त्या धुराड्याविरुद्ध अर्ज करून करून दमला. त्याचं बोट तरी बघू दे."