सीटमागची पिशवी

आमच्या बंडूनं सायकलच्या सीटमागची पिशवी कशी निवडली ते ऐका, चहा गार झाला तरी चालेल.

दुपारी त्याला मंद्रूपला मुलगी बघायला जायचं होतं, तेही सायकलवरून. वाटेत पंक्चर झालं तर, म्हणून सकाळी आम्ही सोलापुरात सात रस्ता चौकातल्या सायकलच्या दुकानात पिशवी घ्यायला गेलो. पठ्ठ्या घरून पाना, सोल्युशन, ठिगळं घेऊनच आला होता. एकेका पिशवीत सगळं भरून बघत होता. शेवटी तपकिरी पसंत पडली. पैसे देताना म्हणाला, "नको, काळीच दे. मुलीकडचे बघणार की."

काळी घेऊन निघालो. सामान तपकिरीतच राहिलं.

हे कळलं मंद्रूपच्या अलीकडे, मागचं चाक बसल्यावर. काळ्या पिशवीत दुकानदारानं कोंबलेली रद्दी तेवढी होती. सायकल ढकलत, घामाघूम होऊन पोचलो.

मुलीचे वडील म्हणाले, "पंक्चर व्हय? थांबा की, आत्ता काढतो." त्यांनी आतून तपकिरी पिशवी आणली. "सकाळीच सोलापुरातनं घेतली. दुकानदार लई देवमाणूस, सामानासकट दिली बघा."

पान्याला बंडूच्या आईनं बांधलेला लाल दोरा तसाच होता. पण मुलगी बघायला आलेला माणूस "हा पाना माझा" कसं म्हणणार? बंडूनं पोहे खाल्ले.

लग्न जमलं. मांडवात सासऱ्यांनी जावयाला मानाची म्हणून तीच पिशवी दिली, पान्यासकट.

बंडू अजून सगळ्यांना सांगतो, "मी सासऱ्याकडनं काही घेतलं नाही. माझं होतं तेवढंच परत आणलं."