मोहाखालची गोष्ट, इंग्रजीत

माधुरी : थांब, थांब. "मी गेले. मी बघितलं. मी हसले." अगं हर्षाली, ही काय इंग्रजीतली गोष्ट झाली? फुटाणे टाकल्यासारखं एकेक वाक्य टाकतेस. उद्या ठाण्याला इंटरव्ह्यूत कॉल सेंटरवाले म्हणतील, आयुष्यातला एखादा प्रसंग सांगा. तिथे असं बोललीस तर चहा न पाजता बाहेर काढतील.

हर्षाली : मला भ्या वाटतं, मॅडम. मोठं वाक्य काढलं की तोंड सुकतं. मधीच इसरते, कुठनं निघाले व्हते ते.

माधुरी : भीती मलाही वाटली होती. मुरबाडहून जीपमध्ये कोणाच्या तरी मांडीवर बसून कल्याणला गेले पहिल्या इंटरव्ह्यूला. घाबरून साहेबाच्या पायाच पडले! मेले का? नाही. आता ऐक. इंग्रजी माणूस मागची आठवण सांगतो ना, तेव्हा आधी तुला तिथे नेऊन बसवतो. "जेव्हा आम्ही घाट चढत होतो", "जो रस्ता नवीनच झाला होता", "जरी दमलो होतो, तरी". एका वाक्याच्या पोटात दुसरं घालायचं. ऐकणाऱ्याला मधे उठूच द्यायचं नाही.

हर्षाली : आमच्या पाड्यावर एवढं लांब कोण बोलत नाय. एक बोललं की थांबायचं. समोरचा "हां" म्हणतो, मंग पुढचं.

चिमी : हां तर. हुंकार नको?

माधुरी : मावशी, जाग्या आहात होय! मला वाटलं, लेकीचं इंग्रजी ऐकून डोळा लागला.

चिमी : डोळा कसा लागंल, बाय? दिवस कलला. उंबरमाळीला उतरून आमाला रानातनं जायचं हाय. काळोख पडायच्या आत घर गाठाय पायजे. तुमचं खर्डी बरं, रस्त्यावर दिवे तरी हायेत.

माधुरी : सोडते लवकर. हर्षाली, तू आत्ता सांगत होतीस ती महाबळेश्वरची सहल खोटी आहे ना?

हर्षाली : गाइडमधली हाय. पाठ केली.

माधुरी : आणि कुठे उतरला होतात, काय खाल्लंत, असं विचारलं तर? गाइडमध्ये ते नसणार. खरी गोष्ट सांग. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली.

हर्षाली : तशी एकच हाय माझ्याकडं. ती नको.

माधुरी : का?

हर्षाली : हळू बोला. आये बसलीय. त्यातली एक गोष्ट तिला ठाव नाय. कळली तर ती खचंल. त्या भ्यानं मी ती कदी पुरी सांगितलीच नाय कोणाला.

माधुरी : तिला इंग्रजी कळतं?

हर्षाली : नाय.

माधुरी : मग इंग्रजीत सांग. इथे पुरी निघाली तर उद्या तिथे अडणार नाहीस.

चिमी : काय कुजबुजता गो?

हर्षाली : काय नाय, आये. गोष्ट सांगायची हाय, इंग्रजीत.

चिमी : कसली? भ्याची?

हर्षाली : ...हां. भ्याचीच.

चिमी : मंग मी हुंकार देते. भ्याची गोष्ट हुंकाराबिगर सांगू नये. सांगणारा एकला पडतो, आन् भ्या त्यालाच धरून बसतं.

माधुरी : अहो मावशी, तुम्हाला कळणार काय त्यातलं?

चिमी : कळायचं काय हाय? ती थांबली की मी "हां" म्हणायचं.

(इथून हर्षाली आणि माधुरी एकमेकींशी इंग्रजीत बोलतात. चिमीला त्यातला शब्दही कळत नाही.)

हर्षाली : जेव्हा मी दहावीत होते, तेव्हा चैत्रात आम्ही पहाटे मोहाची फुलं वेचायला जायचो, कारण उजाडल्यावर ती गुरं खाऊन टाकतात.

चिमी : हां.

माधुरी : वा! जमतंय की. कारणसुद्धा आलं.

हर्षाली : ज्या झाडाखाली मी आणि माझी धाकटी बहीण वेचत होतो, ते घरापासून जवळ होतं, म्हणून आई आमच्याबरोबर आली नव्हती.

चिमी : हां.

हर्षाली : जो माणूस खाली बसून वेचतो, तो लांबून बकरीएवढा दिसतो. हे आम्हाला घरच्यांनी शिकवलं होतं, म्हणून आम्ही अधूनमधून उभ्या राहायचो.

चिमी : हां.

माधुरी : बकरीएवढा दिसतो? कोणाला?

हर्षाली : जो करवंदीच्या जाळीत होता, त्याला.

माधुरी : बिबट्या?

हर्षाली : नाव नका घेऊ, मॅडम. इंग्रजीतही नको. मला ते आजही सहन होत नाही.

माधुरी : बरं, नाही घेत. पुढे सांग.

हर्षाली : जरी पाचोळा वाजला नव्हता, तरी झाडावरचे पक्षी एकदम गप्प झाले.

चिमी : हां.

हर्षाली : जेव्हा त्यानं माझ्या बहिणीला धरलं, तेव्हा माझ्या हातात एक टोपली होती, जी अर्धी भरली होती.

चिमी : हां.

माधुरी : अगं... थांब जरा. वाक्य बरोबर आहे. पण बहिणीला तू त्या "जेव्हा"च्या पोटात घातलंस, आणि बाहेर टोपली ठेवलीस.

हर्षाली : तिथं ठेवली म्हणूनच बोलता आलं. आमच्या बोलीत पोटात घालता येत नाही. सरळ सांगावं लागतं, धरलं, नेलं. मग मला श्वास पुरत नाही.

माधुरी : राहू दे, बाळा. उद्या महाबळेश्वरच सांग. मला काय ठाऊक, तुझ्याकडे असलं काही असेल.

हर्षाली : नाही. आता निघालीच आहे. जेव्हा तो तिला ओढत नेत होता, तेव्हा ती...

चिमी : हां.

हर्षाली : तेव्हा ती...

चिमी : हां. सांग की पुढं. रुपानं हाक मारली ना?

हर्षाली : आये!

माधुरी : मावशी, तुम्हाला इंग्रजी...

चिमी : कसलं इंग्रजी, बाय! मोहाखालची गोष्ट हाय ही. लेकीचं तोंड दिसत नाय का मला? गावाला सांगितली तवा, फारेस्टच्या सायबाला सांगितली तवा, मीच हुंकार देत व्हते. दर बारीला पोर हितंच अडते. मंग म्हंते, रुपा कायच नाय बोलली, झटक्यात गेली.

हर्षाली : आये, मी... मला भ्या वाटायचं गो. तुला कळलं तर तू जन्मभर तेच ऐकत बसशील. अजून वाटतं.

चिमी : दे हात. किती गार पडलाय! काय म्हणली माझी रुपा?

हर्षाली : "आये" म्हणली. दोनदा.

चिमी : हां. दोनदाच.

हर्षाली : म्हंजे?

चिमी : मला ऐकू आली व्हती. नायतर कोयता घेऊन मी धावत का आले? मला कोण सांगाय आलं व्हतं?

हर्षाली : खरंच गो. माझ्या कदी ध्यानातच आलं नाय.

चिमी : तू म्हणलीस, हाक नव्हती. मंग मी पण म्हणलं, नव्हती तर नव्हती. पोर आधीच भ्यालेली, रात रात दचकून उठायची. तिला काय इचारायचं? पण एक इचारायचं राहिलंच.

माधुरी : मी बाहेर थांबते, मावशी.

चिमी : बस गो बाय. तुज्यामुळं तर निघालं. हर्षे, मी धावता धावता ओ दिली व्हती. मोठ्यानं दिली व्हती, "ओ रुपे, आले गो" म्हणून. मधी ओहोळ, वारा पण उलटा. तिला ऐकू आली का गो?

हर्षाली : आली, आये. तिनं घराकडं मान वळवली व्हती.