थांबलेला पंखा

जुन्या विमानांची प्रात्यक्षिकं संपली होती. बसच्या रांगेत माझ्या मागे दोन म्हातारे भाऊ उभे होते. थोरल्याने आज विमान उडवलं होतं, धाकट्याने खालून त्याचे फोटो काढले होते.

“दादा, हा बघ. पत्र्यावरचा एकेक रिव्हेट दिसतोय.”

“जवळ आण जरा. अरे, पंखा थांबलाय की यात. इंजिन बंद पडून हवेत लटकल्यासारखा दिसतोय मी.”

“शटर फार वेगात ठेवलं होतं.”

“आजवर हळू ठेवत आलास. पंखा फिरताना दिसला पाहिजे, हे तूच सांगायचास.”

“हळू ठेवलं की हात स्थिर लागतो, दादा.”

“मग?”

“आता राहत नाही. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतो.”

“बोलला नाहीस कधी.”

“तू उडणं सोडलंस की मीही सोडणार होतो. आज चाकं टेकता टेकता पुन्हा वर गेलास, माझ्यासाठी आणखी एक फेरी मारलीस. तेव्हा तरी शटर हळू ठेवायचा धीर करायला हवा होता.”

“ती तुझ्यासाठी नव्हती रे.”

“मग कशाला मारलीस?”

“धावपट्टी नीट दिसली नाही.”

धाकट्याने कॅमेरा बॅगेत ठेवला.

“बस आली वाटतं. नंबर तू वाच. बॅग दे इकडे, मी धरतो.”