खालची अर्धी भिंत

हे लिहिणारच नव्हतो. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं, वर टाइप करायचं, म्हणजे हद्दच. पण डोक्यातून जाईना. मित्राच्या खोकल्यासाठी दवाखान्यात बसलो होतो. शेजारी एक रंगारीकाका आणि त्यांची बायको.

“मांड्या दुखत होत्या ते सांगा डॉक्टरांना.”

“आता कुठे दुखतायत?”

“कारण कोलेस्टेरॉलची गोळी सोडलीत तुम्ही. रंगाच्या डब्यात तीन पट्ट्या सापडल्या मला.”

“माझ्या डब्यात हात कशाला घातलास?”

“कुंडी करायला घेतला होता.”

“अगं, सांगितलं तर शिडी बंद करतील ते. घरी बसवतील.”

“शिडी तुम्हीच बंद केली होती. दोन महिने खालची अर्धी भिंत तुमची, वरची भागीदाराची. तोच म्हणाला.”

“चहाडखोर मेला!”

“हसू नका. मागच्या वर्षी हार्ट अटॅक आला, म्हणून ती गोळी आहे.”

“पण तिसऱ्या पायरीवर पाय लटपटायचे गं. भीती वाटायची.”

“हेच सांगा ना. डोस कमी करतील, गोळी बदलतील. न सांगता त्यांना कळणार कसं?”

“तू सांग.”

“पाय माझे आहेत का?”

आतून हाक आली. काका उठले.

“सांगतो मीच. मध्ये बोलू नकोस.”

“बोलणार. काही गाळलंत तर.”

ते आत गेले. मित्र हळूच म्हणाला, “माझे बाबाही हल्ली जिना टाळतात रे. त्यांनाही तीच गोळी आहे. घेतात की नाही, मी विचारलंच नाही कधी.”

“संध्याकाळी येतो मी तुझ्याकडे,” मी म्हटलं. “दोघं मिळून विचारू.”